दमदमला थांबलेलं विमान

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दमदमच्या विमानतळावर औषधांची खोकी घेऊन एक परदेशी मालवाहू विमान उतरलं. परत जाताना ते चहा नेणार होतं. पण उतरतानाच त्याचा एक पंप बिघडला. नवा पंप मिळेपर्यंत थांबायचं म्हणून विमान धावपट्टीपासून लांब, कुंपणाच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. चौथ्या दिवशी दिल्लीहून अधिसूचना आली. ज्या कंपनीचं ते विमान होतं ती मालवाहतुकीच्या आडून युद्धाचं सामान पोचवते, असा तिच्यावर ठपका होता. त्या दिवसापासून त्या कंपनीला भारतातून काही म्हणजे काही द्यायचं नव्हतं. सुटे भाग नाहीत, तेल नाही, दुरुस्तीसाठी माणूसही नाही. परदेशी विमानात बसवलेली वस्तू देशाबाहेर गेली असंच कायदा मानतो, त्यामुळे साधा स्क्रू दिला तरी ती निर्यातच होती.

विमानाला उडायला मनाई नव्हती. उडण्यासाठी जे लागतं ते मात्र त्याला मिळणार नव्हतं.

विमानाबरोबर पाच माणसं आली होती. त्यातली चार आठवड्याभरात दुसऱ्या विमानांनी आपापल्या घरी गेली. पाचवा मागे राहिला. तो विमानाचा मेकॅनिक होता, साठीला टेकलेला, उंच, थोडा वाकलेला माणूस. त्याचं नाव मारात. विमान बेवारस दिसलं तर ते हातचं जाईल, या भीतीने कंपनीने त्याला थांबवून घेतलं होतं.

ही फाइल आली शकुन करंबेळकरांकडे. शकुन कस्टममध्ये असिस्टंट कमिशनर होती. नोकरीची बहुतेक वर्षं नाशिक आणि न्हावा-शेवा इथे काढल्यावर त्रेपन्नाव्या वर्षी तिला बढती मिळाली आणि बढतीबरोबर कोलकाता मिळालं. नवरा श्यामसुंदर बँकेतून निवृत्त होऊन नाशिकच्या घरी राहिला. मुलगा सुश्रुत कॅनडात होता. तीनच वर्षांचा प्रश्न आहे, सगळं उचलून कुठे न्यायचं, असं ठरलं. कोणी ठरवलं हे आता दोघांपैकी कोणालाही सांगता आलं नसतं.

सॉल्ट लेकमधल्या तीन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमधली एक खोली ती वापरायची. संध्याकाळी साडेआठला श्यामसुंदरचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"बसतेय आता. तुम्ही?"

"झालं माझं. बाकी?"

"बाकी काही नाही."

मग तो ठेवतो म्हणायचा, ती हो म्हणायची. फोन आला नाही असं कधी झालं नव्हतं, आणि तो दोन मिनिटांच्या वर कधी गेलाही नव्हता.

पहिल्या वर्षी ती महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेली होती. फोर्ट विल्यममधल्या एका कर्नलची बायको, आयटीतली तरुण जोडपी, बंगालीत भांडून मराठीत आईकडे तक्रार करणारी पोरं. सगळे प्रेमाने बोलले. पण दर दुसऱ्या माणसाने "मिस्टर नाही आले?" असं विचारलं, आणि तिसऱ्या वेळी तेच उत्तर देताना तिला आपलं उत्तर खोटं वाटायला लागलं. पुढच्या वर्षी ती गेली नाही.

त्या उभ्या विमानाची दर पंधरवड्याला तपासणी करायची होती. मालाच्या दाराचं सील शाबूत आहे ना, विमानात नवं काही बसवलेलं नाही ना, हे बघून नोंदवहीत सही करायची आणि मारातची सही घ्यायची. हे काम इन्स्पेक्टरला सांगण्यासारखं होतं. तिच्या हाताखालचा सलील घोषाल चोख माणूस होता. तरी शकुन स्वतः जायची. ऑफिसात ती आली की बंगालीतल्या गप्पा थांबायच्या. वाईट मनाने नाही, मॅडम आल्या म्हणून. पण थांबायच्या. विमानापाशी तिच्या येण्याने थांबण्यासारखं काही चाललेलंच नसायचं.

मारात तिची वाट बघत असायचा. पंखाच्या सावलीत दोन उलटे क्रेट मांडलेले असायचे. तपासणी झाली की तो थर्मासमधून दोन पेल्यांत दुधाशिवायचा कडक चहा ओतायचा. दोघंही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायची, त्यामुळे मोठं बोलणं शक्यच नव्हतं. आज धुकं फार होतं. लॉजवाल्याने गिझर दुरुस्त केला. सील ठीक आहे. असलंच काहीतरी.

जानेवारीत एकदा तो म्हणाला, "रविवारी मी चालत चालत बागबाजारला गेलो. तिथे एका गल्लीच्या पाटीवर माझं नाव आहे. मराता डिच."

शकुनला हसू आलं. "ते तुमचं नाही, आमचं नाव आहे. मराठा. पावणेतीनशे वर्षांपूर्वी आमचे घोडेस्वार येतील म्हणून या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. त्याचं उत्तरेकडचं टोक तिथे होतं."

"मग? आले का घोडेस्वार?"

"इथवर नाही आले. खंदकही अर्धाच राहिला. पुढे बुजवून टाकला."

मारातने यावर बराच विचार केला. "म्हणजे न आलेल्या माणसांच्या नावाची गल्ली आहे," तो म्हणाला आणि हसला. घरी जाताना गाडीत शकुनच्या लक्षात आलं की आपण कितीतरी दिवसांनी कोणाला काही समजावून सांगितलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सलीलने एक लाकडी पेटी तिच्या टेबलाजवळ आणून ठेवली. सिंगापूरहून विमानाने आलेली, गोदीजवळच्या गार्डन रीचमधल्या एका व्यापाऱ्याच्या नावावर. कागदावर होतं: जहाजाच्या पंपाचे सुटे भाग.

"पेपर ठीक आहेत, मॅडम," सलील म्हणाला. तो तिच्याशी हिंदीत बोलायचा. "पण आतल्या वस्तूवर बनवणाऱ्याची पट्टी नाही. कानशीने घासून काढल्यासारखी दिसते. म्हणून म्हटलं, तुम्ही बघा."

शकुन उठली. पेटीतला पंप मेणकापडात गुंडाळलेला होता. तिने दोन हात घालून तो उचलला, आणि तो उचलला गेला. तिथेच तिला शंका आली. न्हावा-शेव्याला तिने आठ वर्षं काढली होती. जहाजाचे पंप तिने ढिगाने बघितले होते. ते कोणी एकट्याने उचलत नाही. जहाजाला वजनाची फिकीर नसते, लोखंड ओतताना तिथे कोणी हात आखडता घेत नाही. हा पंप मात्र जिथे जिथे शक्य होतं तिथे कोरून हलका केलेला होता. तोळा-तोळा वजनाची काळजी करणाऱ्याने तो बनवला होता.

तिने तो परत पेटीत ठेवला. तिच्या खिडकीतून धावपट्टीपलीकडे त्या विमानाचं शेपूट दिसायचं. सलीलही तिकडेच बघत होता.

"चला," ती म्हणाली. "गार्डन रीचला जाऊन येऊ."

व्यापाऱ्याचं ऑफिस एका लेथच्या कारखान्यावर होतं. खाली लोखंड कातल्याचा कर्कश आवाज, वर दोन खोल्या आणि टेबलावर काच. त्याने आधी कागद दाखवले, मग सरबत मागवलं, मग घाम पुसला. कोणत्या जहाजासाठी मागवला, या साध्या प्रश्नावर तो पुन्हा कागदच चाळू लागला. अर्ध्या तासात त्याने टेबलाचा खण उघडून एक घडी घातलेला कागद पुढे केला. पंपाची आकृती, मापं, जोडाचे आकार, सगळं पेन्सिलीने काढलेलं.

"एक परदेशी गृहस्थ देऊन गेले होते," तो म्हणाला.

कागदावरच्या प्रत्येक सातच्या आकड्याच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली होती. तपासणीच्या नोंदवहीत चार महिने ती मारातच्या हातचे तसलेच सात बघत आली होती. कागदावर तारीखही होती. चौदा फेब्रुवारी. पुढे बरोबर सहा दिवसांनी ती तपासणीला गेली होती, क्रेटवर बसली होती, चहा प्यायली होती. त्या दिवशी मारातने तिला दुसरा पेलाही दिला होता.

परत येताना गाडीत तिने तो कागद फाइलमध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी ती कमिशनरसाहेबांकडे गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, या माणसाचा जबाब दुसऱ्या कोणीतरी घ्यावा. तपासणीच्या वेळी मी त्याच्याबरोबर चहा घेत आले आहे. फाइलवर तसं लिहून ठेवलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "चहाच ना?"

"चहाच."

"मॅडम, तो पंप तुम्हीच पकडलात. मग चहाने काय बिघडलं? जबाब तुम्हीच घ्या. तुमच्याइतकी ही फाइल कोणाला माहीत नाही."

खरंच कोणाला माहीत नव्हती.

मारात आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलाच्या एका बाजूला शकुन, शेजारी सलील, कोपऱ्यात टायपिस्ट. तिने आधी त्याला कायद्यातलं कलम वाचून दाखवलं, खोटं बोललात तर काय होऊ शकतं ते सांगितलं, दुभाषा हवा का विचारलं. तो नको म्हणाला.

तिने कागद पुढे सरकवला. "हे तुम्ही काढलंय?"

"हो."

"हा पंप या विमानाला देता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. तुम्हीच मला नोटीस वाचून दाखवली होती."

"हे करायला कंपनीने सांगितलं?"

"कंपनीने सांगितलं. पण सांगितलं नसतं तरी मी प्रयत्न केला असता." त्याने कागद तिच्याकडे परत सरकवला. "तुम्ही फेब्रुवारीत आलात तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्हाला लगेच उठून जावं लागलं असतं."

टायपिस्टची बोटं चालत होती. शकुनने पुढचा प्रश्न विचारला, त्याच्या पुढचा विचारला. पेटी विमानतळाच्या आत कशी आणणार होता, पंप बसवायला किती वेळ लागला असता, कोण वैमानिक येणार होते. त्याने सगळं सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, कोणावर ढकललं नाही. शेवटचा प्रश्न संपला तरी तो उठला नाही.

"माझी बायको तिच्या बहिणीकडे राहते," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी विचारलं, परत येशील का. ती म्हणाली, आधी तू ये, समोर बसून बोलू. तेव्हापासून मी तिला सांगतोय, विमान निघालं की येतो. आधी दुसऱ्या देशातून सांगत होतो, आता इथून. खरं म्हणजे पहिल्याच आठवड्यात मी जाऊ शकत होतो. ते चौघे गेले तसा."

"मग का नाही गेलात?" हे शकुनच्या प्रश्नांच्या यादीत नव्हतं.

"विमानाचं कारण चांगलं होतं," मारात म्हणाला. "कोणी त्याच्यावर वाद घालत नाही."

टायपिस्टने मान वर केली. "मॅडम, हे घ्यायचं का?"

"नको," शकुन म्हणाली. "याचा प्रकरणाशी संबंध नाही."

त्या संध्याकाळी साडेआठला फोन आला. जेवलीस, तुम्ही, बाकी. बाकी काही नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला आणि तशीच खुर्चीत बसून राहिली. जानेवारीत खात्याकडून पसंतीच्या बदलीचे फॉर्म आले होते. घराजवळ जायचं असेल तर कारण लिहून महिनाअखेर पाठवायचे होते. तिने फॉर्म घेतला, ऑफिसच्या खणात ठेवला, आणि महिना जाऊ दिला. श्यामसुंदरने विचारलं तेव्हा म्हणाली, "यंदा आलेच नाहीत." हे खोटं तिने इतक्या सहज सांगितलं होतं की पुढे ती विसरूनच गेली होती. सुश्रुत कॅनडाला गेल्यानंतरच्या तीन-चार वर्षांत नाशिकच्या घरात दोघं एका टेबलावर जेवायची आणि ताटं उचलली जाईपर्यंत कोणी बोललेलं नसायचं. तिथल्या शांततेला नाव नव्हतं. इथल्या एकटेपणाला निदान बदलीचं नाव देता येत होतं.

प्रकरण तीन आठवड्यांत निकाली निघालं. पंप जप्त झाला. व्यापाऱ्याचा परवाना निलंबित झाला आणि त्याच्यावर खटला उभा राहिला. मारातने सगळं कबूल केलं होतं आणि पंप विमानापर्यंत पोचलाच नव्हता, म्हणून त्याला अटक न करता दहा दिवसांत देश सोडायचा हुकूम झाला. त्याच्या कंपनीने या हुकमावर एक ओळही लिहून पाठवली नाही.

नवव्या दिवशी तो विमानाच्या चाव्या आणि कागद सोपवायला ऑफिसात आला. सगळ्या सह्या झाल्यावर म्हणाला, "एक विचारायचं होतं. विमान पंधरा दिवसांतून एकदा दोन हात पुढे ढकलावं लागतं. नाहीतर चाकं एकाच जागी दबून चपटी होतात. मी ट्रॅक्टरवाल्याला विनवून ढकलून घेत होतो. आता कोणी ढकलेल का?"

सलीलने शकुनकडे पाहिलं. आजवर ट्रॅक्टर येत होता हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"ती दुरुस्ती-देखभाल धरली जाते की नाही, मला सांगता येणार नाही," शकुन म्हणाली. "मी दिल्लीला विचारते."

"बरं," मारात म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. तिने आधी नमस्कार केला, आणि मग त्याचा हात तसाच राहिलेला पाहून हातात घेतला. त्याच्या तळव्याची कातडी सँडपेपरसारखी खरखरीत होती. "पहिल्या आठवड्यापासून तुम्ही मला एकदाही खोटी आशा दाखवली नाहीत," तो म्हणाला. ही तक्रार होती की आभार, हे तिला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला निरोप द्यायला गेली नाही. ते बरं दिसलं नसतं. सकाळी अकरा ते दुपारी दोनमध्ये सहा विमानं उडाली. त्यातल्या कोणत्यात तो होता ते तिने कोणाला विचारलं नाही.

दिल्लीला तिने दीड पानाचं पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं बारा दिवसांनी, तीन ओळींचं. चाकं फिरवण्यासाठी विमान हलवणं ही देखभाल असून ती अनुज्ञेय नाही. तिने ते फाइलला लावलं.

एप्रिलच्या अखेरीला एका दुपारी कालबैशाखीचं वादळ आलं. आधी आभाळ शाईसारखं काळं झालं, मग वारा सुटला, खिडक्यांची तावदानं थरथरली आणि तासाभरात सगळं धुऊन निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. शकुन आणि सलील गेले तेव्हा तिथे क्रेट नव्हते. जमीन अजून ओली होती. सील शाबूत होतं. चाकं जमिनीला टेकतात तिथे थोडी फुगून पसरली होती, की तिलाच तसं वाटत होतं. इंजिनच्या तोंडावर बांधलेलं लाल कापडी आवरण वाऱ्याने उडून कुंपणाच्या भिंतीशी गोळा होऊन पडलं होतं.

सलील ते उचलून घेऊन आला. पाणी निथळत होतं. "मॅडम, याचं काय करायचं? परत बांधलं तर देखभाल होईल."

शकुन त्या उघड्या इंजिनकडे बघत उभी राहिली. आत पातींवर चिमण्यांनी आणलेल्या काड्या दिसत होत्या.

"सलीलबाबू, हे सुटं राहिलं तर कुठे जाईल?"

"वाऱ्याने धावपट्टीवर जाऊ शकतं."

"मग ते इतर विमानांना धोक्याचं आहे. ते बांधून ठेवायला हवं. या विमानासाठी नाही, इतरांसाठी. नोंदवहीत तसंच लिहू."

सलीलने तिच्याकडे पाहिलं आणि तो शिडी आणायला गेला. त्याने आधी हात घालून काड्या काढल्या. ते शकुनने पाहिलं आणि पाहिलं नाही. मग दोघांनी मिळून आवरण ताणलं, ती खालून दोरी धरून उभी राहिली, तो वरून गाठी मारत गेला. पाऊण तास लागला. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. नोंदवहीत तिने चार ओळी लिहिल्या, खाली स्वतःची सही केली. शेजारची सहीची जागा रिकामी राहिली.

सलील शिडी परत द्यायला गेला तेव्हा ती पंखाखाली एकटी होती. दुपारचे तीन वाजले होते. तिने फोन काढून श्यामसुंदरला लावला.

"काय झालं?" पहिल्याच रिंगला त्याने उचलला होता. आवाज घाबरा होता. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. काही नाही झालं."

"मग या वेळेला?"

"सहज." आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. विमान कधी आलं, मारात कोण, पंप कसा सापडला, त्याने जबाबात काय काय सांगितलं. टायपिस्टला घेऊ नको म्हटलं होतं तेही सांगितलं. शेवटी फॉर्मचंही सांगितलं. तो आला होता आणि आपण भरला नाही, हे.

पलीकडे नाशिकच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"मला ठाऊक होतं," श्यामसुंदर म्हणाला. "शेजारच्या देशपांड्यांची सून तुमच्याच खात्यात आहे, तिला आला होता फॉर्म. तिने भरला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुला यायचं नव्हतं." मग तो म्हणाला, "आणि मी तिकडे का आलो नाही, हेही तू कधी विचारलं नाहीस. बोलावलंही नाहीस."

"बोलावलं असतं तर आला असता?"

धावपट्टीवरून एक विमान धडधडत वर गेलं आणि त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत दोघांनीही फोन कानाला धरून ठेवला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही, शकुन."

"बरं," ती म्हणाली.

"तो माणूस पोचला का घरी?"

"कळायला मार्ग नाही."

"हं."

सलील लांबून परत येताना दिसत होता. श्यामसुंदर ठेवतो म्हणाला नाही, आणि तिनेही हो म्हटलं नाही. ओल्या साडीचा काठ पिळत ती फोन कानाशी धरून गाडीकडे चालू लागली.